बेरजेला जागा कळत नाही

त्यांचं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. त्रेचाळीस वर्षं ते दुसऱ्यांची नावं दगडात कोरत आले, पण स्वतःच्या कारखान्याला पाटी करायची राहूनच गेली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. गिऱ्हाईक यायचं, काम सांगायचं आणि जाता जाता विचारायचं, "गुरुवारी मिळेल ना? नक्की?" ते उत्तर देत नसत. हातातली टाकी जवळच्या एखाद्या काळ्या तुकड्यावर टेकवून एक रेघ ओढत आणि पुन्हा खाली मान घालत. काळ्या दगडावरची रेघ. गुरुवार म्हणजे गुरुवार. त्यावरून लोक त्यांना रेघकाका म्हणू लागले, आणि त्यांच्या बायकोला ओघानेच काकू.

कारखाना म्हणजे मोठ्या रस्त्यामागच्या गल्लीतली पत्र्याची लांबट शेड. एका अंगाला सायकल दुरुस्तीवाला, दुसऱ्या अंगाला शिंपी. दाराशी पाण्याचं पिंप. आत दगड भिंतीकडे तोंड करून उभे, वर्गात शिक्षा झालेल्या मुलांसारखे. सगळ्यावर करडी धूळ. धूळ नसे ती फक्त दारातल्या उजेडात ठेवलेल्या एका लाकडी स्टुलावर, कारण ते काकूंचं होतं आणि काकू रोज बसत.

काकूंचं काम वाचायचं. रेघकाका तिसरीपर्यंत शिकलेले. अक्षरं त्यांना आकारांनी ठाऊक होती, जशी चालीवरून लांबूनच माणसं ओळखू येतात तशी. वडिलांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "कोरताना वाचायचं नाही. वाचणाऱ्याचा डोळा पुढे पळतो आणि हात मागे राहतो." म्हणून वडिलांना आई वाचून दाखवायची, आणि लग्न झाल्यापासून काकांना काकू. त्या स्टुलावर बसून कागद वाचत, ते दगडावर गेरूने चौकटी आखून एकेक अक्षर मांडत. मांडून झालं की ताळा. अक्षरांचा ताळा उलटा, म्हणजे काकू शेवटच्या अक्षराकडून पहिल्याकडे वाचत येत. आकड्यांचा ताळा बेरजेचा. काकू कागदावरचे आकडे मिळवत, काका दगडावरचे. घराचा नंबर असो, फोनचा असो, नाहीतर गेलेल्या माणसाच्या दोन तारखा असोत, दोन्ही बेरजा जुळल्या की ते टाकी उचलत. त्रेचाळीस वर्षांत एकही दगड परत आला नव्हता.

त्याचा त्यांना गर्व होता असं नाही म्हणता येणार. पण उजव्या डोळ्यावर सायीसारखा पडदा यायला लागला, सकाळच्या वेळी हात थरथरायला लागला, तेव्हा त्यांनी मनाशी एक ठरवलं होतं. पहिला दगड परत यायच्या आत आपण थांबायचं.

बाई आल्या त्या या दिवसांत.

बाई म्हणजे गणिताच्या बाई. मुलींच्या शाळेत छत्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या, आता अठ्ठ्याहत्तरच्या. काकांच्या लेकीला त्यांनीच पस्तीसवरून सत्तरवर आणलं होतं आणि ते या घरात कुणी विसरलेलं नव्हतं. बाईंची नजर जवळजवळ गेली होती. भाचीच्या दंडाला धरून त्या शेडमध्ये शिरल्या, काकूंनी रिकाम्या केलेल्या स्टुलावर बसल्या आणि नमनाला घडाभर तेल न घालता म्हणाल्या,

"कारागीर, दगड करायचाय."

"कुणाचा, बाई?"

"माझा. डॉक्टर म्हणतात दोन महिने. त्यांचं गणित कच्चं आहे, पण इतकंही कच्चं नाही."

"मावशी, काहीतरीच काय बोलतेस!" भाची म्हणाली.

"तू मला इथपर्यंत आणलंस, पुरे. आता जरा गप्प बस." बाईंनी पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला आणि आवाजाच्या अंदाजाने काकूंपुढे धरला. "नाव नको, तारखा नकोत. फक्त हा आकडा."

काकूंनी कागद उजेडात धरला. १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७. त्या आकड्यावरून डोळे पलीकडच्या टोकापर्यंत नेताना त्यांनी मध्ये एकदा श्वास घेतला.

"हा फोन नंबर असेल तर बाई, माणूस फार लांब राहतो म्हणायचा."

बाई मोकळ्या हसल्या. हसताना त्यांना खोकला आला, आणि तो थांबेपर्यंत तिघंही थांबली.

"मूळ संख्या आहे," त्या म्हणाल्या. "एकशे सत्तावीस दोन मांडायचे, सगळे एकमेकांना गुणायचे, आणि आलेल्यातून एक काढायचा. राहतं ते हे. एकोणचाळीस आकडी. एकाने भाग जातो, तो कुणालाही जातो. स्वतःने जातो. तिसऱ्या कुणाने म्हणून जात नाही."

"असं कुणी बघितलंय जाऊन?" काकांनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मी."

मग बाईंनी जे सांगितलं ते काकांना निम्मंच कळलं, पण ते त्यांनी कान देऊन ऐकलं. हा आकडा मूळ आहे हे फार पूर्वीच एकाने हाताने आकडेमोड करून दाखवलेलं होतं. नवीन काही सिद्ध करायचं नव्हतंच. पण दरवर्षी फळ्यावर तो लिहायचा आणि 'हा मूळ आहे' असं दुसऱ्याच्या तोंडचं सांगायचं, हे बाईंना पटेना. चारापासून सुरुवात करायची. त्याचा वर्ग करायचा, दोन वजा करायचे, या मोठ्या आकड्याने भागून बाकी घ्यायची. त्या बाकीचा पुन्हा वर्ग, पुन्हा दोन वजा, पुन्हा भागाकार. अशा एकशे पंचवीस पायऱ्या. शेवटच्या पायरीवर बाकी शून्य आली, तर तो मूळ. पहिल्या पायऱ्या तोंडी होतात, चौदा, मग एकशे चौऱ्याण्णव. पुढे एकेका पायरीला पानंच्या पानं लागतात. बाईंनी अकरा वर्षं सुट्ट्यांमध्ये हेच केलं. बाकीच्या शिक्षिका माहेरी जात तेव्हा बाई पायऱ्या चढत.

"आणि शून्य आलं?"

"आलं. दुपारी चारच्या सुमारास."

"मग काय केलंत?"

"घरात सांगायला कुणी नव्हतं. भांडी घासली."

बाई एकट्या का राहिल्या याच्या कथा गावात पुष्कळ होत्या, आणि सांगणाऱ्यागणिक वेगळ्या. काकूंना ठाऊक होतं ते एवढंच: वडील गेल्यावर भावांनी घर वाटून घेतलं, आईचे दागिने वाटून घेतले, आणि शेवटी आईलाही वाटायला निघाले, सहा महिने याच्याकडे आणि सहा महिने त्याच्याकडे. बाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "आई माझ्याकडे. पूर्ण." त्यानंतर आई सतरा वर्षं जगली. तोवर लग्नाचं वय कुणासाठी थांबलं नाही.

"एकट्याने सगळं जमतं का हो बाई?" काकूंनी न राहवून विचारलं.

"भागतं की माझं. एवढंच, की मला भाग जात नाही."

दगड बसायचा होता शाळेच्या आवारात, पिण्याच्या पाण्याच्या नळाजवळच्या भिंतीत. मुख्याध्यापिकांनी परवानगी दिली होती. "नळापाशी मुली रांगेत असतात," बाई म्हणाल्या. "रांगेत दुसरा उद्योग नसतो. एखादी नुसती वाचेल, एखादी भागून बघेल. तिच्या हातून याला भाग जाता कामा नये, एवढंच मला हवंय. तीन-तीन आकड्यांच्या तेरा ओळी करा, म्हणजे मला बोटांनी वाचता येईल. जायच्या आधी एकदा हात फिरवायचाय."

काकांनी टाकी उचलून दगडावर रेघ ओढली. बाईंना ती दिसली नाही, पण आवाज ऐकू आला आणि त्यांनी मान डोलावली.

*

दुसऱ्या दिवशी काकांनी कमरेइतका उंच, अरुंद, एकजीव काळा दगड निवडला. चौकटी आखल्या, तीन आडव्या, तेरा उभ्या. काकू स्टुलावर बसल्या आणि इतकी वर्षं जसे फोन नंबर वाचत आल्या तसा तो आकडा त्यांनी जोड्या करून वाचायला घेतला. "सतरा. शून्य एक. एक्केचाळीस. अठरा. चौतीस." जोड्या दोनाच्या आणि ओळी तिनाच्या. दुसऱ्याच जोडीतलं शून्य पहिल्या ओळीच्या टोकाला आलं आणि एक खालच्या ओळीत गेला. तेवढ्यात गेरूची कांडी मोडली. काकांनी दुसरी घेतली, शिंपी चहा सांगू का म्हणून डोकावला, त्याला हातानेच नको म्हटलं, आणि पुढे चालू लागले.

ताळा केला. काकूंची बेरीज एकशे चोपन्न, काकांची एकशे चोपन्न. टाकी उठली.

एकोणीस दिवस लागले. प्रत्येक आकडा दोन सूत खोल, म्हणजे पाव इंच, आणि कडा अशा स्वच्छ की बोट फिरवलं तर कुठे अडू नये. दुपारनंतर हात स्थिर असे, म्हणून सकाळी ते नुसती धार लावत बसत. शेवटचा सात कोरून त्यांनी दगडावर पाणी ओतलं, फडक्याने पुसला आणि मनात म्हटलं, हा शेवटचा. याच्यावर थांबायला हरकत नाही.

बाई आल्या तेव्हा या वेळी भाचीबरोबर टॅक्सीचालकानेही त्यांना धरलं होतं. दगड भिंतीला टेकवून उभा होता. बाईंनी त्याच्यासमोर स्टूल मागितलं, डावा तळवा दगडावर टेकला आणि उजव्या हाताची दोन बोटं पहिल्या ओळीत ठेवली. बोटं एक, सात, शून्यावरून गेली आणि खाली उतरली. दुसऱ्या ओळीत ती थांबली, मागे आली, पुन्हा पुढे गेली.

काकांनी ते पाहिलं.

बाईंचे ओठ हलत होते. तिसरी ओळ, चौथी, पाचवी, अशा त्या शेवटच्या ओळीपर्यंत गेल्या. मग हात मांडीवर घेतला.

"काम देखणं झालंय, कारागीर," त्या म्हणाल्या. "पण याला सातने भाग जातो. अकरानेही जातो."

"म्हणजे?"

"म्हणजे हा माझा नाही. दुसऱ्या ओळीत एकशे एक्केचाळीस हवेत. एकशे चौदा झालेत."

काकूंनी कागद काढला. कागदावर १४१ होतं. दगडावर ११४.

"पण ताळा जुळला होता!" काका म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. "एकशे चोपन्न आले होते!"

"येणारच. बेरजेला जागा कळत नाही, कारागीर. पाहुणे किती आले ते ती मोजते. कोण कुठे बसलंय ते तिला दिसत नाही."

भाची मावशीच्या खांद्यावर वाकली. "मावशी, दोन आकड्यांची तर अदलाबदल. कोण येणार आहे मोजायला?"

"सात येईल," बाई म्हणाल्या. "तो कुठेही येतो."

*

टॅक्सी गेल्यावर काकांनी वळून बायकोला म्हटलं, "तू चौदा वाचलंस."

"मी एक्केचाळीस वाचलं."

"मग माझ्या हाताला भूत लागलं होतं?"

काकूंनी कागदाची घडी घातली आणि पदराने स्टूल पुसलं. ते पुसायची काही गरज नव्हती. त्यानंतर दोन दिवस त्या घरात "चहा" आणि "ठेव" या दोन शब्दांवर संसार चालला.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी त्यांच्यापुढे एक जुनं वर्तमानपत्र आणि पेन्सिल ठेवली. "लिहा."

"काय?"

"मी सांगते ते. त्रेसष्ट."

"हा काय पोरखेळ लावलायस?"

"लिहा म्हणते ना. त्रेसष्ट. बहात्तर. एकोणतीस." ते लिहीत गेले. "एक्केचाळीस," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा हात हलताच तो वरून घट्ट दाबून धरला. "थांबा. बघा आता."

कागदाच्या कडेला नुसता एक होता. त्याच्या डाव्या अंगाला बोटभर जागा मोकळी होती.

काका त्या जागेकडे पाहत राहिले.

"जीभ आधी एक म्हणते, मग चाळीस," काकू हळू म्हणाल्या. "तुम्ही ऐकाल तसं लिहिता. आधी एक, मग त्याच्या मागे जाऊन चार. कागदावर खपून जातं. दगडावर त्या दिवशी वरच्या ओळीतून एक खाली आला, तुम्ही त्याच्या शेजारच्याच घरात पुढचा एक बसवलात. मध्ये घर सोडायचं राहिलं. मग चार पुढे."

"हे तुला कधी कळलं?"

"तुम्ही असं लिहिता ते? लग्नाच्या वर्षीच."

"आणि बोलली नाहीस?"

"मला वाटलं, तीच पद्धत असेल. आणि तुम्ही रेघ. रेघेला कोण सांगणार?"

त्या वाक्यात टोमणा नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. त्या दिवशी चहा काकांनी केला. साखर दुप्पट पडली होती. काकूंनी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

दुपारी भाचीचा फोन आला. "काका, मावशी आता उठूही शकत नाही. एक बोलू का? दगड आहे तसाच बसवू या. तिला सांगते, दुरुस्त झाला म्हणून. बिचारी समाधानाने तरी जाईल."

काकांनी मनात हिशेब मांडला. दगडातला आकडा पुसायचा तर फक्त तो पुसून चालत नाही. अख्खं तोंड दोन सुतांनी खाली उतरवावं लागतं, एकोणचाळीसच्या एकोणचाळीस आकडे धुळीला मिळतात, आणि पुन्हा पॉलिशपासून सुरुवात. एकोणीस दिवस बाईंकडे होते की नाही, कुणी सांगावं. शिवाय हा डोळा आणि हा हात. भाची म्हणत होती ते सोपं होतं, आणि त्यात वाईट हेतूही नव्हता.

"मी उद्या बाईंना भेटायला येतो," ते म्हणाले.

बाईंची खोली लहान होती. एक खाट, एक खिडकी, कपाटात एकसारख्या पुठ्ठ्याच्या वह्या ओळीने. काका खाटेजवळ उभेच राहिले.

"चूक माझी आहे, बाई. तिची नाही. मी एक्केचाळीस उलटे लिहितो. आयुष्यभर उलटेच लिहीत आलो."

"सगळेच तसं बोलतात, काहीजण तसं लिहितात," बाई म्हणाल्या. आवाज आता फार बारीक झाला होता. "बसा. त्या कपाटातल्या सातव्या वहीत मी सत्तेचाळिसाव्या पायरीला चुकले होते. हातचा एक विसरले. कळलं कधी, तर अठ्ठावन्नाव्या पायरीवर. अकरा पायऱ्या. वर्ष गेलं त्यात."

"मग काय केलंत?"

"सत्तेचाळीसवर परत गेले. दुसरी वाट नसते. चूक जिथे झाली तिथेच जावं लागतं, पुढून दुरुस्त होत नाही ती."

काकांनी मान खाली घातली. बाईंनी चाचपडत त्यांचा हात धरला, थरथरणारा उजवा. "तुमचा ताळा बदला. एक ओळ मिळवायची, पुढची वजा करायची, पुन्हा एक मिळवायची. तेरा ओळी. शेवटी अकराशे अठ्ठावीस आले पाहिजेत. सात, अकरा आणि तेरा यांच्यापुरतं, याला भाग गेला तर त्या मोठ्यालाही जातो. मग त्याला सातने भागून बघा. अकराने, तेराने बघा. जाणार नाही."

"नाही गेला, म्हणजे तो मूळ?"

"छे. एवढ्याने मूळ ठरत नाही, त्याला त्या वह्याच लागतात. याने फक्त चूक सापडते. आपल्यासारख्यांना तेवढं पुरे."

"आणि मध्येच वजा करायला कमी पडलं तर? शून्याच्या खाली गेलं तर?"

"उणे लिहायचं आणि चालत राहायचं. घाबरायचं नाही. पुढची ओळ मिळवायचीच असते."

*

दगड आडवा पाडून काकांनी त्याचं तोंड उतरवायला घेतलं तेव्हा ग्राइंडरच्या आवाजाने सायकलवाला आणि शिंपी दोघंही दारात आले. रेघकाका कोरलेलं पुसताहेत हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"काका, दगड परत आला?" सायकलवाल्याने विचारलं.

"आला," काका म्हणाले.

एवढंच. त्रेचाळीस वर्षं ज्या शब्दाची धास्ती होती तो असा एका श्वासात निघून गेला, आणि शेड होती तशीच उभी राहिली.

तीन दिवसांत काळा पृष्ठभाग पुन्हा कोरा झाला. या वेळी काकूंनी जोड्या केल्या नाहीत. त्या एकेक आकडा वाचत, काका तो मांडून म्हणून दाखवत, मगच पुढचा. "चार." "चार." "एक." "एक." दोघांचे आवाज शेडमध्ये पाठोपाठ चालत. मांडून झाल्यावर काकूंनी नवा ताळा केला, काकांनीही केला, दोनदा अडखळून तिसऱ्यांदा जमला. मग टाकी. आता ते सकाळीही काम करत. हात थरथरला की डाव्या हाताने मनगट धरून ठेवत आणि थरथर ओसरायची वाट पाहत. पंधराव्या दिवशी शेवटचा सात झाला.

दगड बाईंपर्यंत नेता येण्यासारखा नव्हता, आणि बाई दगडापर्यंत येऊ शकत नव्हत्या. तेव्हा काकूंनी एक केलं. त्या दगडासमोर बसल्या आणि आपल्या कागदाकडे न बघता, दगडावरून, बोट फिरवत, तेरा ओळी एका वहीत उतरवून घेतल्या. ती वही घेऊन दोघं बाईंच्या खोलीत गेली.

भाचीने उशी उंच केली. बाईंचे डोळे मिटलेले होते.

"बाई, दगडावरून वाचते," काकू म्हणाल्या. "एक, सात, शून्य."

बाईंचे ओठ हलले. "एकशे सत्तर."

"एक. चार. एक."

त्या आकड्यांपाशी बाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "एकोणतीस," त्या म्हणाल्या.

काकू वाचत गेल्या, बाई सांगत गेल्या. दोनशे बारा. उणे दोनशे अठ्ठेचाळीस. दोनशे एकवीस. उणे दहा. प्रत्येक उत्तराला आधीपेक्षा थोडा जास्त वेळ लागत होता, पण उत्तर येत होतं. सातशे एकवीस. चौतीस. नवव्या ओळीला, "तीन, शून्य, तीन," म्हणून काकू थांबल्या. खिडकीबाहेर कुणीतरी वाळत घातलेले कपडे झटकत होतं.

"तीनशे सदतीस," बाई म्हणाल्या, आणि त्यांना झोप लागली.

काकू दहावी ओळ ओठांवर घेऊन बसून राहिल्या. भाचीने बोटानेच खूण केली, राहू दे. "बाकीचं उद्या करू," ती कुजबुजली.

दुसऱ्या दिवशी बाई कुणाला ओळखत नव्हत्या. तिसऱ्या दिवशी गेल्या.

*

दगड बसवला त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. गवंडी सिमेंट सारखं करून निघून गेला. भाची वह्यांची खोकी ग्रंथालयात ठेवायला मुख्याध्यापिकांबरोबर आत गेली. आवारात नळाचं टपटपणारं पाणी आणि ही दोघं, एवढीच.

काका भिंतीसमोर गुडघ्यांवर बसले. त्यांनी पहिल्या ओळीला हात लावला नाही. नऊ ओळी झालेल्या होत्या, त्या बाईंच्या होत्या. त्यांनी दहाव्या ओळीत बोटं ठेवली.

"तीनशे सदतीस होते ना?"

"तीनशे सदतीस," काकू मागून म्हणाल्या.

"त्यातून सातशे पंधरा." ते बराच वेळ अडले. "कमी पडतात."

"मग उणे म्हणा."

"उणे तीनशे अठ्ठ्याहत्तर." बोटं खाली उतरली. "आठशे चौऱ्याऐंशी मिळवायचे. पाचशे सहा. एकशे पाच गेले. चारशे एक." शेवटची ओळ. त्या सातात त्यांचा स्वतःचा हात किती वेळा थांबला होता ते बोटांना आठवत होतं. "सातशे सत्तावीस. अकराशे अठ्ठावीस."

"सातने भागा," काकू म्हणाल्या.

त्यांनी ओल्या जमिनीवर बोटाने मांडायला सुरुवात केली, मोठ्याने, तिसरीतल्या मुलासारखं. "अकरात सात एकदा, राहिले चार. त्यावर दोन, बेचाळीस. सात सक बेचाळीस. वरचे आठ. आठात एकदा." ते थांबले.

"काय उरलं?"

"एक," काका म्हणाले. "एक उरला."